मेचनिकॉव्ह यांच्या पेशी आणि आपले मन : आजारपणात उदास का वाटते?

साधा व्हायरल ताप असला तरी पहिले दोन दिवस कसे जातात ते आठवून पाहा. टीव्हीचा आवाज नकोसा होतो. आवडीची भाजी घशाखाली उतरत नाही. कोणी भेटायला आले तर बोलावेसे वाटत नाही. वाचलेली ओळ लक्षात राहत नाही. घरचे म्हणतात, जरा उठून बस, अंग झटक, म्हणजे बरे वाटेल. पण ते जमत नाही.

रुग्ण इथे आळस करत नाही आणि नाटकही करत नाही. आपल्या संरक्षक पेशी जंतूशी लढताना काही रसायने सोडतात. त्या रसायनांमुळे मेंदूतल्या चेतापेशींचे एकमेकींशी चाललेले बोलणेच बदलते. हे नीट समजावे म्हणून आज तुम्हाला एका शास्त्रज्ञाचे आयुष्य सांगतो. त्यांचे नाव एली मेचनिकॉव्ह. जंतू गिळणाऱ्या पेशींचे महत्त्व त्यांनी जगाला पटवले, आणि आजारपण व मनाची खचलेली अवस्था या दोन्हींतून ते स्वतः गेले होते.

घाईत शिकलेला मुलगा

मेचनिकॉव्ह यांचा जन्म १८४५ साली खारकीव्हजवळच्या एका खेड्यात झाला. हा भाग तेव्हा रशियन साम्राज्यात होता, आज तो युक्रेनमध्ये आहे. पाच भावंडांत ते सर्वांत धाकटे. लहानपणापासून किडे, झाडे, पाण्यातले जीव यांचे वेड. विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यास त्यांनी दोन वर्षांत संपवला. मग जर्मनी आणि इटलीत जाऊन समुद्रातल्या प्राण्यांचा अभ्यास केला आणि पुढे ओडेसाच्या विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवू लागले. लक्षात घ्या, ते डॉक्टर नव्हते. माणसाच्या आजाराकडे ते प्राण्यांच्या वाटेने आले.

स्वभाव मात्र हळवा होता. कामात बुडाले की तहानभूक विसरत आणि मन खचले की पार तळाला जात.

पहिला घाव

१८६९ मध्ये त्यांनी ल्युडमिला यांच्याशी लग्न केले. त्यांना क्षयरोग होता. लग्नाच्या दिवशी चालण्याइतकाही दम नव्हता, म्हणून नवरीला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. तेव्हा क्षयावर औषध नव्हते. उबदार हवेच्या ठिकाणी नेणे, चांगले खायला देणे, एवढाच उपाय. मेचनिकॉव्ह चार वर्षे धडपडले. शेवटी १८७३ मध्ये मदीरा बेटावर ल्युडमिला गेल्या.

त्या दुःखात मेचनिकॉव्ह यांनी स्वतःचे आयुष्य संपवण्याचा प्रयत्न केला. सुदैवाने ते वाचले आणि हळूहळू कामाकडे वळले. दोन वर्षांनी त्यांनी ओल्गा यांच्याशी लग्न केले आणि हा संसार मेचनिकॉव्ह यांच्या अखेरपर्यंत टिकला.

तुमच्या घरात कोणी दीर्घ आजारी असेल, तर या प्रसंगातली एक गोष्ट ध्यानात ठेवा. रात्रंदिवस सेवा करणाऱ्या माणसाचे मनही आजारी पडू शकते. रुग्णाची विचारपूस सगळे करतात, सेवा करणाऱ्याची फार थोडे करतात.

उलटून येणारा ताप

१८८० मध्ये ओल्गा यांना टायफॉइड झाला आणि पुन्हा तीच भीती समोर उभी राहिली. त्या वाचल्या. पण मेचनिकॉव्ह थकले होते. हृदयाची तक्रार होती, झोप नव्हती, विद्यापीठात राजकारण पेटले होते. १८८१ मध्ये त्यांनी एका भयंकर गोष्टीचे धाडस केले. उलटून येणाऱ्या तापाच्या रुग्णाचे रक्त त्यांनी स्वतःला टोचून घेतले. हा रोग रक्तातून पसरतो का, हे पाहण्यासाठी, असे कारण होते. चरित्रकारांना त्यामागे जिवाबद्दलची बेपर्वाईही दिसते. ते अतिशय आजारी पडले आणि पुन्हा वाचले.

बरे झाल्यावर त्यांच्यात जगण्याचा उत्साह परत आला, असे ओल्गा यांनी पुढे लिहिलेल्या चरित्रात आहे. यावरून तापाने उदासी जाते असा निष्कर्ष कृपया काढू नका. एका माणसाच्या एका आजारावरून काहीही सिद्ध होत नाही. उलट, अंगात जंतुसंसर्ग असताना बहुतेकांचे मन खालीच जाते.

या तापाविषयी आज एक गोष्ट पक्की माहीत आहे. रुग्णाला अँटिबायोटिक दिल्यावर काही तासांत जंतू झपाट्याने मरतात, थंडी वाजून ताप चढतो, आणि त्याच वेळी रक्तात संरक्षक पेशींची रसायने एकदम वाढतात. या रसायनांना सायटोकाइन म्हणतात. इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६, टीएनएफ, इंटरफेरॉन ही त्यांतली काही महत्त्वाची नावे. मेचनिकॉव्ह यांच्या काळात यांतले एकही माहीत नव्हते. इंटरफेरॉन सापडले १९५७ मध्ये, टीएनएफला नाव मिळाले १९७५ मध्ये आणि इंटरल्यूकिन-१ ला १९७९ मध्ये.

मेसिनातले काटे

१८८२ मध्ये नोकरी सोडून मेचनिकॉव्ह कुटुंबासह सिसिलीतल्या मेसिना गावी गेले. एके दिवशी घरातली मंडळी सर्कशीतली माकडे पाहायला गेली होती. हे एकटेच सूक्ष्मदर्शकापाशी बसले होते. समोर तारामाशाची इवलीशी पिल्ले होती, काचेसारखी पारदर्शक, त्यामुळे आत फिरणाऱ्या पेशी जिवंतपणी दिसत.

त्यांच्या मनात आले, या फिरत्या पेशी शरीराचे रक्षण तर करत नसतील? तसे असेल, तर अंगात काही टोचल्यावर त्या तिथे जमायला हव्यात. आपल्या बोटात कुसळ गेले की भोवती पू जमतो, तसेच. बागेतल्या गुलाबाचे काटे आणून त्यांनी पिल्लांच्या कातडीखाली खुपसले. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी पाहतात तर काट्याभोवती पेशींची गर्दी जमलेली.

पुढे या पेशींना फॅगोसाइट, म्हणजे भक्षक पेशी, असे नाव मिळाले. त्यांतल्या मोठ्या पेशींना मेचनिकॉव्ह यांनी मॅक्रोफेज म्हटले. हा शब्द आजही तुमच्या बायॉप्सीच्या रिपोर्टमध्ये दिसू शकतो. सूज म्हणजे फक्त बिघाड, असे तोवर अनेक डॉक्टर मानत. ती शरीराची लढाई आहे, हे मेचनिकॉव्ह यांनी ठासून सांगितले.

पॅरिस, आणि मुंबईशी जोडलेला धागा

१८८८ मध्ये लुई पाश्चर यांनी त्यांना पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये प्रयोगशाळा दिली. उरलेले आयुष्य ते तिथेच राहिले. संरक्षण पेशी करतात की रक्तातल्या पाण्यासारख्या भागातले पदार्थ करतात, यावर तेव्हा मोठा वाद होता. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉव्ह आणि दुसऱ्या बाजूचे पॉल एर्लिच यांना मिळून देण्यात आले. पुढे दोन्ही बाजू खऱ्या ठरल्या.

ओडेसातले त्यांचे एक विद्यार्थी आपल्याला चांगले परिचित आहेत. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटला ज्यांचे नाव आहे, ते वाल्डेमार हाफकिन. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला तेव्हा त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये प्रयोगशाळा थाटली आणि जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची नवी लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांना ताप आला, टोचलेली जागा दुखली.

लस घेतल्यावर तुम्हाला किंवा बाळाला येणारी कणकण याच प्रकारची असते. लसीत रोग नसतो, पण भक्षक पेशींना परकी वस्तू दिसली की त्या सायटोकाइन सोडतात. निरोगी स्वयंसेवकांना टायफॉइडची लस देऊन शास्त्रज्ञांनी हे तपासले आहे. काही तासांत त्यांच्या रक्तातले इंटरल्यूकिन-६ वाढले आणि मनःस्थिती थोडी उतरली. पुढे हा परिणाम ओसरला. म्हणून लसीनंतर एक-दोन दिवस मरगळ वाटली तर घाबरू नका आणि पुढचा डोसही चुकवू नका.

निरोप मेंदूपर्यंत कसा पोचतो?

मेंदूभोवती रक्तवाहिन्यांची एक घट्ट गाळणी असते. मग पोटातल्या किंवा फुप्फुसातल्या संसर्गाची खबर आत कशी जाते? मुख्य वाटा तीन आहेत.

पहिली वाट म्हणजे व्हेगस नस. ती छाती आणि पोटातून मेंदूकडे जाते. सायटोकाइनमुळे ती चेतवली जाते आणि सूज असल्याची खबर वर देते. दुसरी, मेंदूतल्या काही मोजक्या जागा, जिथे ही गाळणी सैल असते. तिसरी, मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचे अस्तर. सायटोकाइन त्याला येऊन चिकटले की ते प्रोस्टाग्लँडिन नावाचे रसायन मेंदूत सोडते. मेंदूचा थर्मोस्टॅट यामुळेच वर सरकतो आणि ताप येतो. पॅरासिटामॉल प्रोस्टाग्लँडिन कमी करते, म्हणून ताप उतरतो.

दोन चेतापेशींमधल्या फटीत

आता मुख्य मुद्दा. मेंदूतल्या दोन चेतापेशी सहसा एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये अतिशय बारीक फट असते. एका मिलिमीटरचे ५० हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढी. एक पेशी त्या फटीत रसायन सोडते, समोरच्या पेशीवरचे ग्राहक ते पकडतात आणि संदेश पुढे जातो. ग्लुटामेट हे रसायन म्हणजे पुढे चल अशी सूचना, तर गाबा म्हणजे थांब अशी सूचना.

सायटोकाइन या व्यवहारात अनेक ठिकाणी हात घालतात. प्रयोगशाळेत दिसले आहे की टीएनएफमुळे चेतापेशीच्या पृष्ठभागावर ग्लुटामेटचे ग्राहक वाढतात आणि गाबाचे कमी होतात. म्हणजे चल म्हणणारा आवाज मोठा आणि थांब म्हणणारा बारीक. इंटरल्यूकिन-१ चा परिणाम आठवणी घडवणाऱ्या भागावर होतो. थोड्या प्रमाणात ते स्मरणाच्या कामाला लागतेच. प्रमाण फार वाढले की नवी आठवण पक्की होण्यात अडथळा येतो. आजारात वाचलेले लक्षात का राहत नाही, याचे एक कारण हे.

आणखी एक परिणाम कच्च्या मालावर होतो. आहारातल्या ट्रिप्टोफॅनपासून मेंदू सेरोटोनिन बनवतो. सूज असताना शरीर ट्रिप्टोफॅनचा मोठा भाग दुसऱ्या रसायनांकडे वळवते. शिवाय, काही करावेसे वाटण्याची ओढ देणारे डोपामिनचे संदेशही मंदावतात. म्हणून उठावेसेच वाटत नाही.

याचा सर्वांत ठळक पुरावा रुग्णांनीच दिला. काही वर्षांपूर्वीपर्यंत हिपॅटायटिस-सी वर इंटरफेरॉनची इंजेक्शने अनेक महिने देत. कित्येकांना उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांत खरे, औषध द्यावे लागेल असे नैराश्य आले. आयुष्यात दुसरे काही बदललेले नव्हते, बदलले होते ते एक रसायन. आता या रोगावर गोळ्या आहेत आणि बहुतेकांना इंटरफेरॉन लागत नाही.

हा सगळा बदल निरर्थक नाही. जंतूशी लढताना शरीराने शक्ती वाचवावी, पडून राहावे, यासाठी निसर्गाने केलेली ती सोय आहे. बहुतेक वेळा संसर्ग ओसरला की संदेशवहनही पूर्वपदावर येते. अडचण होते ती सूज फार तीव्र असली, फार काळ टिकली, किंवा मेंदू आधीच थकलेला असला तर.

म्हातारपणाचा प्रश्न

उतारवयात मेचनिकॉव्ह यांनी वार्धक्याचा अभ्यास हाती घेतला. वार्धक्याच्या शास्त्राला जेराँटोलॉजी हे नाव त्यांनीच १९०३ मध्ये दिले. त्यांनी एक धक्कादायक कल्पना मांडली. ज्या भक्षक पेशी तरुणपणी आपल्याला वाचवतात, त्याच म्हातारपणी मेंदूतल्या चेतापेशी खातात. यामागे मोठ्या आतड्यातल्या जंतूंचे विष आहे, असे त्यांना वाटे. म्हणून ते स्वतः आंबवलेले दूध घेत आणि लोकांनाही सांगत. दह्याची कीर्ती युरोपात पसरली ती बरीचशी त्यांच्यामुळे.

त्यांच्यावर टीका झाली आणि तपशिलात ते चुकलेही होते. निरोगी म्हातारपणी भक्षक पेशी चेतापेशींचा सरसकट फडशा पाडत नाहीत. पण प्रश्न चुकीचा नव्हता. त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९१९ मध्ये, स्पेनच्या पीओ देल रिओ-ओर्तेगा यांनी मेंदूतल्या स्वतंत्र भक्षक पेशी दाखवल्या. त्यांना मायक्रोग्लिया म्हणतात. त्या चेतापेशींच्या जोडांवर सतत लक्ष ठेवतात आणि मेंदू वाढत असताना नको असलेले जोड छाटतात. अल्झायमरसारखा रोग घडवलेल्या उंदरांत ही छाटणी भलत्या वेळी आणि जास्त होते, असे दिसले आहे. आतड्यातल्या जंतूंचा मायक्रोग्लियावर परिणाम होतो, हेही उंदरांत दिसले आहे. माणसांबाबत हे चित्र अजून पूर्ण नाही. दही-ताक जरूर घ्या, पण ते स्मृतिभ्रंशाचे औषध समजू नका.

मेचनिकॉव्ह यांचे हृदय शेवटी थकत गेले. पहिले महायुद्ध सुरू होते आणि प्रयोगशाळेतली तरुण मंडळी आघाडीवर गेली होती. जुलै १९१६ मध्ये पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात ठेवल्या आहेत.

तुम्ही काय लक्षात ठेवाल?

आजारी माणसाला दोष देऊ नका. ताप, न्यूमोनिया, डेंगी किंवा मोठ्या ऑपरेशननंतर काही दिवस मरगळ, चिडचिड, विसराळूपणा राहू शकतो. विश्रांती, पुरेसे पाणी, हलका आहार आणि झेपेल तेवढी हालचाल द्या.

वयस्कर माणूस अचानक बरळू लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. जुन्या पिढीत याला वात झाला असे म्हणत, वैद्यकात डेलिरियम म्हणतात. कालपर्यंत बरे असलेले आजोबा आज माणसे ओळखत नसतील, रात्री उठून भलतेच बोलत असतील किंवा दिवसभर गुंगीत असतील, तर वय झाले म्हणून सोडून देऊ नका. मूत्रमार्गाचा किंवा छातीचा संसर्ग हे नेहमीचे कारण, आणि म्हाताऱ्या माणसांत कधीकधी ताप येतच नाही. सोडियम किंवा साखर कमी होणे, शरीरातले पाणी किंवा ऑक्सिजन कमी होणे, लघवी तुंबणे, नवे औषध, ही कारणेही तपासावी लागतात. विस्मरणाचा आजार महिनोन्‌महिने हळूहळू वाढतो, डेलिरियम तास-दोन तासांत किंवा दिवसाभरात येतो. हा फरक डॉक्टरांना नेमका सांगा.

या खुणा दिसल्या तर थेट रुग्णालय गाठा : तापासोबत मान ताठणे, झटका येणे, शुद्ध हरपणे, श्वास लागणे, तोंड वाकडे होणे किंवा एका बाजूची शक्ती जाणे.

दीर्घ आजारात मनाचीही तपासणी करून घ्या. संधिवात, सोरायसिस, आतड्याची जुनाट सूज अशा आजारांत नैराश्य अधिक दिसते. त्याचे एक कारण सूज असू शकते, दुसरे वेदना, तिसरे खर्चाची काळजी. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर तसे स्पष्ट सांगा. मूळ आजार आटोक्यात आणणे आणि नैराश्यावर उपचार करणे, दोन्ही लागतात.

उदासीवर स्वतःहून वेदनाशामक किंवा स्टेरॉइड घेऊ नका. सूज कमी करून नैराश्य बरे करता येईल का, यावर संशोधन सुरू आहे, पण ही औषधे त्यासाठी नेहमीचा उपचार नाहीत. जठर, मूत्रपिंड आणि साखर यांवर त्यांचे दुष्परिणाम होतात. चालू असलेले स्टेरॉइड एकदम बंदही करू नका.

जगणे नकोसे वाटत असेल तर एकटे राहू नका. घरातल्या माणसाला सांगा आणि १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते. मेचनिकॉव्ह यांना सर्वांत काळ्या दिवसांत पुढचे काहीच दिसत नव्हते. मेसिनातली ती सकाळ, पॅरिसमधले काम, ओल्गा यांची जन्माची साथ, हे सारे त्या दिवसांनंतर आले.

ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. तुमच्या रुग्णाबद्दलचा निर्णय त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.